सातपुड्याची निळाई आणि कांचेचा तंतु
(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळा संपून आश्विनाचें स्वच्छ ऊन पडूं लागलें म्हणजे जळगांवच्या उत्तरेस, तापीच्या पलीकडे, सातपुड्याची रांग निळी दिसूं लागते. खान्देशांत राहणाऱ्या कोणासहि ही निळाई नवी नाहीं. परंतु तोच मनुष्य यावल किंवा चोपडें ओलांडून डोंगराच्या पायथ्याशीं गेला, तर निळें असें त्याला तेथें कांहींच आढळत नाहीं. झाडें हिरवीं असतात, खडक काळा असतो, माती तांबूस असते. मग दुरून दिसलेला तो निळा रंग कोणाचा? डोंगराचा तर नव्हे. पाहणारा आणि डोंगर यांच्यामध्यें जी दहाबारा कोसांची हवा पसरलेली असते, तिचा तो रंग. सूर्याचा प्रकाश त्या हवेंत शिरतो, तिच्या कणाकणाशीं अडखळतो, आणि त्यांतील थोडा भाग आपली सरळ वाट सोडून आपल्या डोळ्यांकडे वळतो. ह्या वाट सोडण्यालाच शास्त्रांत प्रकीर्णन म्हणतात. आपण त्याला साध्या भाषेंत प्रकाशाचें विखुरणें म्हणूं.

श्रोतेहो, आज मला सांगावयाची आहे ती ह्या विखुरण्याची एक हकीकत. आणि ती मुख्यतः डोंगराची नसून कांचेची आहे. आज एका शहरांतून दुसऱ्या शहरांत जाणारें बहुतेक बोलणें, बातम्या, चित्रें आणि पेढ्यांचे हिशोब तांब्याच्या तारेनें जात नाहींत. केसाहून किंचित् जाड असा कांचेचा तंतु जमिनींत पुरलेला असतो, आणि त्यांतून प्रकाशाच्या उघडझापीनें हा सर्व मजकूर वाहत असतो. सातपुड्यासमोरच्या हवेंत जें घडतें तेंच त्या तंतूंतहि घडतें. प्रकाश विखुरतो, आणि जितका विखुरतो तितका निरोप क्षीण होतो. हा क्षय कांचेंतल्या मळामुळें होतो कीं कांचेच्या स्वभावामुळेंच होतो, हा प्रश्न ज्या दिवशीं नीट विचारला गेला त्या दिवसापासून ह्या विद्येचें भाग्य उघडलें. हाच प्रश्न त्यापूर्वीं आकाशाविषयीं आणि समुद्राविषयीं विचारून झाला होता. तेव्हां आपणहि त्याच क्रमानें जाऊं.

आधीं घरांतच करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाणी घेऊन त्यांत दुधाचे दोनचार थेंब टाकावे, आणि खोली अंधारी करून एका बाजूनें विजेरीचा झोत सोडावा. पेल्याकडे बाजूनें पाहिलें तर पाणी निळसर दिसतें; समोरून, पाण्याच्या आरपार पाहिलें, तर तोच दिवा पिंवळट तांबूस दिसतो. दुधाच्या सूक्ष्म कणांनीं निळा प्रकाश अधिक प्रमाणांत बाजूला उडविला, म्हणून बाजूनें निळें दिसलें. निळा गळाल्यावर उरलेला प्रकाश सरळ पुढें गेला, म्हणून समोरून तांबूस दिसलें. दुपारचें आकाश आणि संध्याकाळचा सूर्य हीं दोन्ही त्या एका पेल्यांत आलीं.

हा खेळ शास्त्रीय रीतीनें प्रथम मांडला तो लंडनच्या जॉन टिंडल ह्यानें. १८६९ सालीं त्यानें कांचेच्या नळींत अत्यंत सूक्ष्म कणांचा ढग तयार केला आणि त्यावर प्रकाशाचा झोत सोडून आकाशाची निळाई प्रयोगशाळेंत उतरविली. दोन वर्षांनीं, १८७१ सालीं, पुढें लॉर्ड रॅले ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याचा गणिती नियम काढला. प्रकाश हा लहरींचा बनलेला आहे. निळ्याच्या लहरी आखूड, तांबड्याच्या लांब. कण लहरीच्या मानानें फार लहान असले, तर लहरीची लांबी दुप्पट होतांच विखुरणें निम्में न होतां थेट सोळाव्या हिश्श्यावर येतें. ह्या हिशोबानें तांबड्या प्रकाशापेक्षां निळा सुमारें सहापट अधिक विखुरतो. हा सोळाव्या हिश्श्याचा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कांचतंतूची सारी पुढची कथा त्यावर उभी आहे.

आतां प्रश्न असा कीं आकाशांतील ते कण कोणते? धूळ, धूर, पाण्याचे तुषार असें कांहीं तरी असावें अशी प्रथम समजूत होती. म्हणजे आकाशाची निळाई ही हवेंतल्या केराची निळाई ठरत होती. १८९९ सालीं रॅलेनेंच दाखविलें कीं धूळ मुळींच नसली तरी हवेचे स्वतःचे रेणु आकाश निळें करण्यास पुरेसे आहेत. खान्देशांतल्या मनुष्याला तर ह्याचा पडताळा दरसाल मिळतो. वैशाखांत धुळ्याच्या बाजूस फुफाटा उडूं लागला कीं आकाश निळें राहत नाहीं, पांढुरकें होतें. धुळीचे कण प्रकाशाच्या लहरीहून मोठे असल्यामुळें ते सर्वच रंग जवळजवळ सारखे उडवितात. मृगाच्या सरींनीं धूळ बसली कीं ढगांच्या फटींतून निळें आकाश पुन्हां दिसतें. मळानें रंग येत नाहीं, मळानें रंग जातो. निळाई ही शुद्ध हवेचीच आहे.

समुद्राच्या बाबतींत मात्र रॅलेची दृष्टि चुकली. खोल समुद्राचा निळा रंग हा पाण्याचा नसून आकाशाचें तें केवळ प्रतिबिंब आहे, असें त्याचें मत होतें. आणि एवढ्या मोठ्या पंडिताचें मत म्हणून तें चालत आलें होतें. १९२१ सालीं कलकत्त्याचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन विश्वविद्यालयांच्या परिषदेसाठीं विलायतेस गेले. परत येतांना ते 'नारकुंडा' नांवाच्या आगबोटीवर होते. भूमध्यसमुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना ह्या मताची शंका आली. शंका घेऊन ते स्वस्थ बसले नाहींत. त्यांच्याजवळ निकलचा लोलक होता. पाण्याच्या पृष्ठावरून परावृत्त झालेला प्रकाश एका विशिष्ट कोनांतून पाहिल्यास ह्या लोलकानें अडवितां येतो. प्रतिबिंब असें पुसून टाकल्यावर समुद्राचा रंग नाहींसा व्हावयास हवा होता. तो नाहींसा तर झाला नाहींच, उलट अधिक खुलून दिसला. रंग पाण्याच्या आंतून येत होता. बोट मुंबईस लागली तेव्हां ह्या विषयावरचा मजकूर तयार होता. 'नेचर' ह्या नियतकालिकाकडे त्यांनीं पाठविलेल्या पत्रावर मुंबई बंदर हें ठिकाण आणि २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख आहे. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें हेंहि समुद्राच्या रंगाचें एक मोठें कारण आहे, हें खरें. तथापि तो निळा प्रकाश वर परतवून आणण्यांत पाण्याच्या रेणूंचा वांटा असतो, हें रामन यांचें म्हणणें टिकलें. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून निघालेल्या त्या एका पत्रांतून पुढें सात वर्षांचें संशोधन वाढलें, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास 'रामन परिणाम' ह्या नांवानें जगप्रसिद्ध झालेला शोध लागला. १९३० सालचें नोबेल पारितोषिक त्याचेंच.

येथें एक शंका कोणीहि घेईल. हवा विरळ आहे, तिचे रेणु दूरदूर आहेत; ते प्रकाश विखुरतात हें समजतें. पण पाण्यांत किंवा कांचेंत रेणु दाटीनें बसलेले असतात. तेथें एका रेणूनें बाजूला उडविलेली लहर शेजारच्या रेणूच्या लहरीशीं मिळून परस्पर नाहींशी व्हावयास पाहिजे, आणि प्रकाश सरळच जावयास पाहिजे. ही शंका अगदीं योग्य आहे. पदार्थ सर्वत्र काटेकोर सारखा असता तर तसेंच झालें असतें. परंतु कोणताहि द्रव तसा सारखा नसतो. १९०८ सालीं पोलंडच्या स्मोलुकोव्स्कीनें आणि १९१० सालीं आइन्स्टाइननें ह्याचें गणित केलें. आठवड्याच्या बाजाराची कल्पना करा. पटांगण माणसांनीं भरलेलें आहे; सरासरी काढली तर दर खणांत सारखीं माणसें आहेत. पण प्रत्यक्षांत एका क्षणीं येथें दहा जमतात, तेथें चारच उरतात. दुसऱ्या क्षणीं तें उलटें होतें. द्रवांतील रेणूंचें असेंच आहे. उष्णतेमुळें ते सतत हालचाल करतात, आणि त्यामुळें क्षणोक्षणीं कोठें किंचित् दाटी, कोठें किंचित् विरळी होते. ह्या दाटीविरळीवर प्रकाश अडखळतो.

आतां कांच म्हणजे काय? वितळलेल्या अवस्थेंतील ही चळवळ कांच निवत असतां मंदावते आणि एका क्षणीं थिजते. ज्या क्षणीं ती थिजली त्या क्षणींची दाटीविरळी तशीच्या तशी कायम राहते. पाणी हा चालता बाजार असेल, तर कांच हें त्या बाजाराचें छायाचित्र आहे. म्हणून कांच कितीहि निर्मळ असली तरी तींत प्रकाश थोडा विखुरणारच. रामन यांचें लक्ष कांचेकडेहि गेलें होतें. कांचेसारख्या अस्फटिक घनपदार्थांत प्रकाश कसा विखुरतो ह्या विषयावर त्यांनीं १९२७ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळीं कांचतंतूनें निरोप पाठविण्याचा विचार कोणाच्या मनांत नव्हता. पण पुढें चाळीस वर्षांनीं ज्याची गरज पडणार होती तें ज्ञान असें आधींच सिद्ध होऊन बसलें होतें.

प्रकाशाला वांकड्या वाटेनें नेतां येतें हेंहि जुनेंच ज्ञान. जिनीव्हाच्या कोलॅडननें १८४१ च्या सुमारास पाण्याच्या वक्र धारेंतून प्रकाश वळवून दाखविला होता, आणि टिंडलनेंहि लंडनच्या व्याख्यानांत हा प्रयोग केला. प्रकाश पाण्यांतून हवेकडे फार तिरकस आला तर बाहेर न पडतां आंतच परत फिरतो. धारेच्या कांठावर आपटत आपटत तो तिच्याबरोबर वळतो. कांचेच्या तंतूंतहि तसेंच होतें. १९५४ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनीं अशा तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेलें. त्याच वेळीं हॉलंडच्या व्हान हील ह्यानें तंतूवर दुसऱ्या पारदर्शक पदार्थाचें वेष्टन घालण्याची युक्ति सुचविली, म्हणजे बाहेरच्या स्पर्शानें प्रकाश गळत नाहीं. थोड्याच वर्षांत डॉक्टर लोक अशा तंतूंच्या नळीनें रोग्याचें जठर आंतून पाहूं लागले.

जठरापर्यंत जावयाचें तर हातभर दीड हात अंतर; तेवढ्यापुरता तंतु चांगला होता. परंतु त्यापुढें? १९६० च्या सुमारास मिळणाऱ्या चांगल्या तंतूंत प्रकाश सोडला, तर अवघ्या २० मीटरांनंतर त्याचा शंभरावा भाग उरे. २० मीटर म्हणजे जुन्या वाड्याच्या दिंडीपासून परसापर्यंतचें अंतर. चाळीस मीटरांवर शंभरांशाचा शंभरांश, म्हणजे दहा हजारांतील एक भाग; साठ मीटरांवर दहा लक्षांतील एक. ह्या साधनानें धुळ्याहून जळगांवास निरोप पाठवावा असें म्हणणें थट्टाच ठरली असती. कांच ही अशीच असावयाची, असें मानून पुष्कळांनीं हा मार्ग सोडून दिला, आणि पोकळ धातूच्या नळांतून अतिसूक्ष्म विद्युल्लहरी नेण्याच्या खटपटीस ते लागले.

इंग्लंडांत हार्लो येथील एका प्रयोगशाळेंत शांघाय येथें जन्मलेला चार्ल्स काओ नांवाचा तरुण अभियंता होता. त्यानें आणि त्याचा सहकारी जॉर्ज हॉकम ह्यानें १९६६ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला त्याचें मर्म एका प्रश्नांत आहे: प्रकाश नाहींसा होतो तो नेमका कोणत्या कारणानें? त्यांनीं हानीचे दोन भाग केले. एक भाग कांचेच्या स्वभावाचा, म्हणजे मघांशीं सांगितलेल्या थिजलेल्या दाटीविरळीचा. तो टाळतां येणार नाहीं. दुसरा भाग मळाचा, विशेषतः लोखंडासारख्या धातूंच्या अंशांचा, जे प्रकाश पिऊन टाकतात; तो टाळतां येईल. मग त्यांनीं पहिल्या भागाचा हिशोब मांडला, आणि तो आश्चर्यकारक रीतीनें लहान निघाला. कांचेचा स्वभाव अडथळा नव्हता. अडथळा मळाचा होता. मळ काढला तर एका किलोमीटरानंतर शंभरावा भाग उरेल असा तंतु करणें अशक्य नाहीं, आणि तेवढा झाला तरी टेलिफोनसाठीं तो उपयोगी पडेल, असा त्यांनीं निर्वाळा दिला. वीस मीटरांच्या जागीं एक हजार मीटर!

काओ कांच बनविणारा नव्हता. त्यानें केलें तें एवढेंच कीं कोठें कष्ट घ्यावेत आणि कोठें घेऊं नयेत हें दाखविलें. जो दोष काढतां येतो आणि जी मर्यादा काढतां येत नाहीं, ह्या दोहोंची गल्लत झाली कीं माणसें एक तर निराश होऊन काम सोडतात, नाहीं तर भलत्याच ठिकाणीं आयुष्य घालवितात. ह्या एका विवेकाबद्दल काओ ह्याला २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

निबंधानंतर चार वर्षांनीं, १९७० सालीं, अमेरिकेंतील कॉर्निंग ह्या कांचेच्या कारखान्यांत मॉरर, केक आणि शुल्ट्झ ह्या तिघांनीं तो पल्ला ओलांडला. त्यांनीं वाळू वितळवून कांच केली नाहीं, कारण वाळूबरोबर मळ येतोच. शुद्ध केलेल्या वाफेंतून, चिमणीवर काजळी धरावी त्याप्रमाणें, सिलिकेचा पांढरा थर जमवावयाचा, तो तापवून पारदर्शक करावयाचा आणि मग त्याचा तंतु ओढावयाचा, अशी ही रीत. पुढें मळ इतका निघाला कीं अब्जांतील एखाद्या भागाच्या गोष्टी बोलल्या जाऊं लागल्या. १९७९ सालीं जपानांत असा तंतु निघाला कीं त्यांतून १०० किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग शिल्लक राहतो. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर: शंभरावा भाग उरण्याचें अंतर वीसएक वर्षांत पांच हजार पटींनीं वाढलें.

आतां मळ संपला होता आणि कांचेचा स्वभाव उघडा पडला होता. १९७९ च्या त्या तंतूंत जी हानि उरली ती मुख्यतः विखुरण्याचीच. येथें रॅलेचा शंभर वर्षांपूर्वींचा नियम कामास आला. विखुरणें कमी करावयाचें असेल तर लहर लांब घ्या. आरंभींच्या तंतूंत जो प्रकाश वापरीत त्याची लहर एका मिलिमीटराच्या दहालक्षांश भागांत मोजली तर ८५० होती. आतां ती १५५० घेतात. लहर पावणेदोन पटींहून थोडी अधिक लांब झाली, आणि विखुरणें अकराव्या हिश्श्यावर आलें. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं. तांबड्याच्याहि पलीकडचा तो आहे. मग आणखी लांब लहर कां घेत नाहींत? कारण त्यापुढें सिलिकेचे अणु स्वतःच तो प्रकाश शोषूं लागतात. एका बाजूस विखुरण्याचा उतार, दुसऱ्या बाजूस शोषणाचा चढ, आणि मध्यें १५५० च्या आसपास एक दरी. त्या दरींतूनच जगांतील दूरचे निरोप आज वाहतात.

आपल्या प्रांतांत ह्या विद्येचें पाऊल लौकरच पडलें. हिंदुस्थानांतील पहिली कांचतंतूची स्थानिक टेलिफोन-जोडणी १९७९ सालीं पुण्यांत सुरू झाली. खान्देश तर निरोपांच्या जुन्या वाटेवरच वसलेला आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता धुळ्यावरून जातो. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी चाळिसगांव, जळगांव, भुसावळ ह्या मार्गानें पुढें गेली. १९०० सालीं चाळिसगांवाहून धुळ्यास फांटा आला. आज रस्त्यांच्या आणि रुळांच्या कडेनें कांचतंतु गेले आहेत. हे तंतु अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे छत्रपति संभाजीनगर येथील कारखान्यांत तयार होतात, आणि तंतूंच्या दोऱ्या ज्यांतून ओवतात त्या लवचिक नळ्या जळगांवांत केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या नळ्यांच्या शेजारींच बनतात.

धुळ्याहून पारोळें, एरंडोल करीत जळगांवास यावें तर सुमारें ९० किलोमीटर भरतात. ह्या वाटेवर अखंड तंतु आहे असें मानलें, तर धुळ्यास सोडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं सुमारें दीड भाग जळगांवास पोंचेल. तेवढा ओळखण्यास आजचीं यंत्रें सहज समर्थ आहेत. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव भाग कोठें गेले? बहुतेक वाटेंतल्या कांचेच्या दाटीविरळीवर अडखळून विखुरले. एखादें वाहतें पाटाचें पाणी जमिनींत मुरत मुरत पुढें जावें, तसें हें आहे.

पण जें मुरतें तें वाया जातेंच असें नाहीं. विखुरलेल्या प्रकाशाचा एक सूक्ष्म अंश उलट फिरून जेथून निघाला तेथेंच परत येतो. १९७६ च्या सुमारास ह्या परतणाऱ्या प्रकाशाचा उपयोग करण्याची युक्ति निघाली. तंतूच्या तोंडाशीं प्रकाशाची एक क्षणिक ठिणगी सोडावी आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजावी. कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर असतो. म्हणून १० किलोमीटरांवरून येणारा प्रतिध्वनि सेकंदाच्या दहाहजारांश भागांत परततो. रस्ता खणतांना कोणाच्या यंत्रानें तंतु तुटला, तर त्या जागेपुढून प्रतिध्वनि येणें एकदम बंद होतें. दुरुस्तीस निघालेला मनुष्य नव्वद किलोमीटर जमीन उकरीत बसत नाहीं. कचेरींत बसून तो सांगूं शकतो कीं तंतु एरंडोलच्या अलीकडे तुटला आहे. कांच विखुरत नसती तर हें साधलें नसतें. जो दोष म्हणून मानला होता तोच राखणदार झाला.

रामन यांच्या शोधाचेंहि असेंच झालें. विखुरलेल्या प्रकाशांतील अगदीं थोडा अंश रेणूंच्या कंपनांशीं देवाणघेवाण करून आपला रंग बदलतो, हा त्यांचा १९२८ सालचा शोध. तंतु लांब असल्यामुळें हा थोडासा अंशहि जमून मोजण्याइतका होतो. उष्णतेनुसार त्याचें प्रमाण बदलतें. म्हणून विजेच्या जमिनींतल्या केबलीबरोबर किंवा बोगद्यांत कांचतंतु घातला, तर तो जागोजागचें उष्णमान सांगतो, आणि कोठें आग लागली तर ठिकाण दाखवितो. शिवाय त्याच परिणामाच्या बळावर, एक प्रखर प्रकाश तंतूंत सोडून क्षीण झालेल्या निरोपाला वाटेंतच पुन्हां बळ देतां येतें. १९७० नंतर लौकरच अमेरिकेंत हें प्रयोगानें दाखविलें गेलें, आणि आज दूरच्या मार्गांवर ही रीत वापरतात. बोटीच्या कठड्याशीं उभें राहून जो प्रश्न विचारला गेला, त्याच्या उत्तराचा एक धागा असा आपल्या बोलण्याखालून गेला आहे.

हकीकतीचा शेवट अगदीं अलीकडचा आहे. कांचेचा स्वभाव बदलत नाहीं हें एकदां कळल्यावर कांहीं संशोधकांनीं निराळाच विचार केला: मर्यादा कांचेची आहे ना, मग प्रकाशाच्या वाटेंतून कांचच काढून टाकूं. त्यांनीं पोकळ तंतु केला. भोंवतीं कांचेच्या अत्यंत पातळ भिंती, आणि मध्यें प्रकाश जातो तो हवेंतून. २०२५ सालीं इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या संशोधकांनीं अशा तंतूंतील हानि कांचेच्या उत्तमांतल्या उत्तम तंतूपेक्षांहि कमी झाल्याचें प्रसिद्ध केलें. त्या हिशोबानें १०० किलोमीटरांनंतर शंभरावा नव्हे, तर सुमारें आठवा भाग शिल्लक राहील.

म्हणजे दीडशें वर्षांचा फेरा घेऊन प्रकाश पुन्हां हवेंत आला. त्या पोकळींतील हवाहि प्रकाशाला थोडी विखुरणारच. तिचाहि तो स्वभावच आहे. आतां येत्या आश्विनांत तापीच्या अलीकडून सातपुड्याकडे पाहण्याचा प्रसंग आला, तर एवढें आठवावें. ती निळाई धुळीची नाहीं, डोंगराची नाहीं आणि डोळ्यांचा भ्रमहि नाहीं. धुळ्याहून जळगांवास येणाऱ्या निरोपाच्या वाटेंत जें घडतें, तेंच तेथें उघड्यावर, सर्वांना दिसेल असें घडत असतें.